पाठीवर दोन टाक्या घ्यायच्या, तर रेग्युलेटर कोणते?

गेल्या महिन्यात इथेच ट्विनसेटबद्दल, म्हणजे स्क्युबा डायव्हिंगला पाठीवर घ्यायच्या जोडटाक्यांबद्दल, चार ओळी लिहिल्या, तर पत्रांचा ढीग आला. ढीग म्हणजे सात. पण समुद्र घाटाच्या पलीकडे, आणि इथल्या विहिरी मे महिन्यात तळाला गेलेल्या, अशा आमच्या बेळगावच्या मुलखातून सात जणांनी पाठीवर दोन टाक्या घेण्याबद्दल विचारावं, हा माझ्या लेखी ढीगच. त्यातली चार पत्रं घेतलीत. मी कोण ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उद्यमबागेत वडिलांच्या वेळेपासूनचं हायड्रॉलिक सील आणि ओ-रिंगचं दुकान चालवते, मागच्या बाजूला छोटं वर्कबेंच आहे. अडतिसाव्या वर्षी तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं, ते अजून पूर्ण बाहेर काढलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी टिळकवाडीत राहतो, एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. नेत्राणीला ओपन वॉटरचा पहिला कोर्स केला, अंदमानात ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनच्या हवेचा). साठेक डाइव्ह झाल्यात. जानेवारीत थायलंडला टेक्निकलचा, म्हणजे खोल जाऊन थांबत थांबत वर यायच्या डायव्हिंगचा, पहिला कोर्स करायचाय, १२ लिटरच्या दोन टाक्या पाठीवर. माझ्याकडे एक रेग्युलेटर आहे, योकवाला, सहा वर्षांचा, चांगला चालतो. मेहुणा म्हणतो, तोच एका बाजूला लाव आणि दुसऱ्या बाजूला माझा जुना पिस्टनवाला घे, फुकट देतो. दुकानदार म्हणतो, सगळ्यात वरचं मॉडेल घ्या आणि दोन घ्या, पाण्याखाली पैशाचा विचार करायचा नसतो. बायको म्हणते, आधी किचनचा ओटा. पिस्टन घेऊ की डायफ्रॅम? दोन्ही सारखेच लागतात का?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : मेहुण्यांना सांगा, आभारी आहे, पण पाठीवर नको. का नको ते आधी सांगते, म्हणजे बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

तुम्ही फाउंड्रीतले, तेव्हा आपल्या भाषेत बोलू. रेग्युलेटर म्हणजे दोन टप्प्यांचा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह. टाकीतला २०० बारचा दाब टाकीवरची फर्स्ट स्टेज ९-१० बारवर आणते, आणि हे ९-१० बार भोवतालच्या दाबाच्या वर. ४० मीटरवर भोवताली ५ बार असतात, म्हणजे तिथे नळीत १४-१५ बार. तोंडातली सेकंड स्टेज ते आणखी उतरवून नेमक्या भोवतालच्या दाबाला देते, आणि तुम्ही ओढाल तेव्हाच देते. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे जमवलं, तेव्हा गान्यांनी हाताशी धरलेला व्हॉल्व्ह मुळात मोटारींसाठी होता. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायची वेळ आली होती. कुठल्याही गॅरेजवाल्याला पटेल असा हा शोध.

आता ४० मीटरवर हवा पाचपट दाट. वर मिनिटाला २० लिटर ओढणारा माणूस तिथे टाकीतून १०० लिटर ओढतो. घाबरला तर दुप्पट. साध्या, म्हणजे अनबॅलन्स्ड पिस्टनच्या रेग्युलेटरमध्ये टाकीतला दाबच व्हॉल्व्ह उघडायला हात लावत असतो. टाकी भरलेली असते तोवर सगळं छान. ती उतरत गेली की नळीतला दाबही उतरतो आणि श्वास जड होत जातो. बॅलन्स्डमध्ये टाकी २०० वर असो की ५० वर, नळीतला दाब जवळपास तोच राहतो. मेहुण्यांचा 'जुना पिस्टनवाला' बहुतेक पहिल्या जातीचा असणार.

तुम्ही म्हणाल, तो तर बॅकअप आहे, लागणार कधी? इथेच गोची होते. दुसऱ्या रेग्युलेटरला आपण स्टेपनी समजतो, आणि स्टेपनीला कसला टायर ठेवतो ते मी सांगायला नको. पण बॅकअप तोंडात येतो तो सगळ्यात वाईट मिनिटाला. तुम्ही खोल आहात, धाप लागलीय, जोडीदाराची हवा संपलीय, तुमची मुख्य सेकंड स्टेज त्याच्या तोंडात आणि गळ्यातली बॅकअप तुमच्या तोंडात. दोन घाबरलेली माणसं एकाच जोडटाकीवर. त्या वेळी बॅकअपने पहिल्याइतकंच, किंबहुना जास्तच काम करायचं असतं.

माझं स्वतःचं सांगते. पहिल्या टेक कोर्सला मीही हेच केलं होतं. उजवीकडे चांगला बॅलन्स्ड, डावीकडे कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला पिस्टन. 'आत्ताच सर्व्हिस केलाय' असं देणारा म्हणाला होता, आणि सील विकणाऱ्या बाईने ते ऐकून घेतलं! ३६ मीटरवर व्हॉल्व्ह ड्रिल होतं. उजवा व्हॉल्व्ह बंद केला, तोंडातला रेग्युलेटर ओढून ओढून कोरडा झाला, गळ्यातला तोंडात घेतला. पहिला श्वास आला तो ओल्या गोणपाटातून यावा तसा. दुसरा त्याहून जड. टाकीत तेव्हा ९० बार होते, हवा भरपूर होती, पण पोचत नव्हती. समोर इन्स्ट्रक्टर शांतपणे माझ्याकडे बघत होता आणि मला आठवत होतं आमच्या गावची विहीर, पाठीला पत्र्याचा डबा बांधून आजोबांनी ढकललेलं, आणि डबा सुटलेला. उजवा व्हॉल्व्ह परत उघडेपर्यंत किती सेकंद गेले ते माहीत नाही. फार नसतील.

घरी आल्यावर तो बेंचवर उघडला. स्प्रिंगच्या घरात मिठाचा थर आणि बारीक वाळू. व्हॉल्व्ह ज्यावर टेकून बंद होतो त्या प्लास्टिकच्या सीटवर गोल चर पडलेला, नखाला लागेल इतका. सर्व्हिस झालीच असेल तर फक्त बाहेरून पुसण्याची.

तर, दोन्ही बॅलन्स्ड आणि शक्यतो दोन्ही एकाच मॉडेलचे. एकच मॉडेल का? एक सर्व्हिस किट दोघांना चालतं, डाइव्ह बोटीवर एकाची कॅप किंवा नळी दुसऱ्याला बसते, आणि अंधारात चाचपताना हाताला दोन वेगळ्या वस्तू लागत नाहीत.

आता पिस्टन की डायफ्रॅम. हा वाद म्हणजे बेळगावचा कुंदा की गोकाकचा करदंट. दोन्ही उत्तम, आपले दात कसे आहेत ते बघून ठरवा. बॅलन्स्ड पिस्टनमध्ये भाग कमी आणि हवेचा प्रवाह दणकट. स्क्युबाप्रोचा एमके२५ हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. पण त्यात समुद्राचं पाणी स्प्रिंगपर्यंत आत येतं, ते त्याच्या रचनेतच आहे. डायफ्रॅमवाल्यात रबरी पडदा पाणी बाहेर अडवतो, आणि सील केलेल्या मॉडेलात बाहेरून आणखी एक पडदा असतो, त्यामुळे स्प्रिंगपर्यंत पाणी पोचतच नाही. अपेक्सचा डीएस४ किंवा स्क्युबाप्रोचा एमके१७ या जातीतले. थंड देशात सील केलेला घ्या म्हणतात, कारण पिस्टनमध्ये शिरलेलं पाणी गोठून रेग्युलेटर उघडा अडकतो आणि हवा धो धो वाहते. आपल्याकडे गोठायचं काय, घाम येतो. पण ऑक्टोबरात मालवणला गढूळ पाण्यात उतरून बघा, आणि संध्याकाळी गोड्या पाण्याची बादली शोधा. बोटीवर मिळते ती अर्धी, तीही सगळ्यांनी बुटं बुडवलेली. घरी येईपर्यंत घाट, मग दुसऱ्या दिवशी नोकरी, रेग्युलेटर धुतला जातो तिसऱ्या दिवशी. आपण असे वागतो हे कबूल करून मी सील केलेला डायफ्रॅम सुचवते. शिस्तीने तासभर भिजवणारे असाल तर पिस्टन घ्या, माझी हरकत नाही.

योक सोडा, डिन घ्या, यात मात्र पर्याय नाही. योक टाकीला बाहेरून चिमट्यासारखा बसतो, आणि ओ-रिंग टाकीच्या बाजूला उघड्यावर असते. कुठे आपटलं की ती बाहेर फेकली जाऊ शकते. डिन आत आट्यांनी बसतो, ओ-रिंग रेग्युलेटरवर असते आणि कोंडलेली राहते. डिनमध्ये ५ आट्यांचा २०० बारचा आणि ७ आट्यांचा ३०० बारचा असे दोन येतात. ७ आट्यांचा घ्या, तो दोन्ही व्हॉल्व्हना बसतो. ५ वाला ३०० च्या व्हॉल्व्हमध्ये तळाला पोचत नाही, हवा सुटतच राहते.

आणि इथेच तुमच्या ओट्यासाठी पैसे वाचतात. तुमच्या सहा वर्षांच्या रेग्युलेटरचं मॉडेल तुम्ही लिहिलं नाहीत. तो बॅलन्स्ड असेल, अजून बनत असेल आणि त्याला डिनचं कन्व्हर्जन किट मिळत असेल (बऱ्याच नामांकित मॉडेलना मिळतं), तर त्याची पूर्ण सर्व्हिस करून योक काढून डिन लावा, आणि नवा फक्त एकच घ्या, त्याच मॉडेलचा. दुकानदाराचं 'सगळ्यात वरचं मॉडेल' म्हणजे बरेचदा टायटॅनियम, चकचकीत फिनिश आणि जास्तीची बटणं. युरोपच्या ईएन २५० मानकाप्रमाणे रेग्युलेटर ५० मीटरच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वास ओढून तपासतात, आणि त्यासाठी लागणारे श्रम लिटरमागे ३ ज्यूलच्या आत असावे लागतात. मधल्या किमतीचे कितीतरी बॅलन्स्ड रेग्युलेटर यात आरामात बसतात. पैसे टाकायचे तर एका प्रश्नावर टाका. याचं सर्व्हिस किट आणि ते बसवणारा शिकलेला माणूस मला गोव्यात, पुण्यात किंवा मुंबईत मिळतो का? 'परदेशातून मागवू' असं उत्तर आलं तर ते मॉडेल कितीही भारी असो, ठेवून द्या.

खरेदीआधी फर्स्ट स्टेजची भोकं बघा. पोर्ट हो. कॅटलॉगमधल्या फोटोत सगळे सुंदर दिसतात, पण दुकानातल्या टाकीवर दोन्ही चढवून नळ्या लावूनच बघा. नळ्या खाली, पाठीला चिकटून गेल्या पाहिजेत. कानासारख्या बाजूला उभ्या राहिल्या तर ते मॉडेल एका टाकीसाठी बरं, दोनसाठी नाही. उजव्या व्हॉल्व्हवर मुख्य सेकंड स्टेज, साधारण २.१ मीटर लांब नळीची. ती पाठीमागून खाली, कमरेपाशी खोवलेली, छातीवरून, मानेमागून फिरून तोंडात येते. विंगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या तरंगवणाऱ्या पिशवीत, हवा भरणारा इन्फ्लेटरही उजवीकडेच. डावीकडे आखूड नळीची बॅकअप, हनुवटीखाली रबरी दोरीत अडकवलेली, आणि प्रेशर गेज. ही वाटणी उगाच नाही. पुढे सरकताना डाव्या व्हॉल्व्हची मूठ वर छताला किंवा जहाजाच्या पत्र्याला घासली तर ती बंद व्हायच्या दिशेने फिरते, उजवी उघडायच्या. म्हणजे ज्यावर आत्ता श्वास चाललाय आणि ज्यावर तरंगणं अवलंबून आहे, ते नकळत बंद न होणाऱ्या बाजूला.

जोडीदाराला द्यायची ती तोंडातली, लांब नळीची. ती चालते याची खात्री आत्ता, या क्षणी, तुम्हाला आहे.

सेकंड स्टेजला फार नट्टापट्टा नको. बॅकअप किंचित घट्ट ट्यून करून घ्या, नाहीतर गळ्यात लटकताना प्रवाहात फुरफुरत राहते. नळ्या मला साध्या रबरीच आवडतात, विणलेल्या मऊ असतात पण आतली चीर दाखवत नाहीत. रबर आधी भेगाळतं आणि सांगतं.

प्रश्न : मुलगा मालवणला डायव्हिंगवाल्यांकडे नोकरीला आहे. आता म्हणतो, दोन टाक्या घेऊन खोल जायला शिकणार. एक टाकी पुरत नाही का? की नुसती हौस? मला पोहताही येत नाही, त्यामुळे त्याच्याशी काय बोलावं कळत नाही.
— एक आई, निपाणी

उत्तर : मावशी, हौस आहेच, ती नाकारत नाही. पण दोन टाक्या हौसेच्या नाहीत. खोल आणि जास्त वेळ राहिलं की अंगात नायट्रोजन मुरतो, आणि मग थेट वर येता येत नाही. वाटेत ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटं थांबत यावं लागतं. डोक्यावर पाणी असलं तरी ते छतच. अशा वेळी एकच टाकी, एकच व्हॉल्व्ह, एकच रेग्युलेटर असला आणि तो बिघडला, तर जायला जागा नाही. दोन टाक्या वर एका नळीने जोडलेल्या असतात, मध्ये एक व्हॉल्व्ह, आणि दोन बाजूंना दोन स्वतंत्र रेग्युलेटर. एक फुरफुरायला लागला तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दुसऱ्यावरून दोन्ही टाक्यांतली सगळी हवा वापरत वर यायचं. १२ लिटरच्या दोन टाक्या २०० बारला भरल्या की ४,८०० लिटर होतात. खोलात उघडा पडलेला रेग्युलेटर ते काही मिनिटांत उडवून देतो, म्हणून बंद करता येणं महत्त्वाचं.

तुम्ही त्याच्याशी बोलायचं ते असं. त्याला समोर उभं करा आणि म्हणा, डोक्यामागे हात नेऊन, आंघोळीला पाठीच्या मध्यावर साबण लावतोस तसा, बोटं खांद्यांच्या पात्यांमध्ये टेकव बघू. दोन्ही हातांनी. व्हॉल्व्ह तिथेच आसपास, मानेमागे असतात. हात पोचत नसेल तर महाग रेग्युलेटर घेऊन काही उपयोग नाही, आधी महिनाभर खांदे मोकळे करायचे. पोचत असेल तर विचारा, मधला व्हॉल्व्ह उघडा ठेवतोस ना, आणि उतरण्याआधी हाताने तपासतोस ना? कारण गेज डाव्या बाजूला असतो. मधला चुकून बंद राहिला आणि पोरगं उजवीकडची हवा ओढत असलं, तर काटा जागचा हलत नाही. 'वा, आज हवा कमी लागतेय' म्हणून ते खुशीत राहतं. त्याने उत्तर देताना तुमच्याकडे जरा चमकून बघितलं तर समजा, नीट शिकतोय.

प्रश्न : मी ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पंप, सिलिंडर दुरुस्त करतो. धाकटा भाऊ गोव्यात डायव्हमास्टर आहे. त्याचे दोन्ही रेग्युलेटर मीच उघडून दिले तर? ओ-रिंग तुमच्याकडून नेतो.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : गिऱ्हाईक परत पाठवायला जीवावर येतं हो, पण या कामासाठी माझ्याकडून ओ-रिंग नेऊ नका. निदान आतल्या तरी नको.

बाहेरच्या चालतील. नळी फर्स्ट स्टेजला जिथे बसते तिथे लो प्रेशरला ०११ आणि हाय प्रेशरला ०१२ नंबर लागतो, योकच्या टाकीला ०१४. हे नंबर तुमच्या पंपातही भेटतात. पण आतली हाय प्रेशर सीट, पडदा, आणि कंपनीने ज्या मापाची, ज्या कडकपणाची सांगितली ती ओ-रिंग, हे त्या मॉडेलच्या किटमधलंच लागतं. 'मापात बसली की झालं' हे आपल्या धंद्यातलं वाक्य पंपाला चालतं. तिथे गळलं तर खाली तेल सांडतं आणि मालक शिव्या देतो. इथे मालक ४० मीटर खाली असतो.

दुसरं म्हणजे आपले हात. आपल्याला स्टीलच्या सुईने ओ-रिंग उपसायची सवय. रेग्युलेटरचं अंग पितळेचं, वरून क्रोम. सुईचा एक ओरखडा खाचेत पडला की तिथून जन्मभर हवा झिरपणार. पितळेचा किंवा प्लास्टिकचा पिक लागतो. शिवाय बोल्टचा टॉर्क कंपनीच्या पुस्तकातला, अंदाजाचा नव्हे. कंपन्या हे शिकवायचे रीतसर वर्ग घेतात. तुम्हाला खरंच गोडी असेल तर तो वर्ग करा, खानापुरातून तुमच्यासारखा हात मिळाला तर सगळ्या पट्ट्याचं भलं होईल.

तोवर न उघडता एक काम मात्र जरूर करा, आणि ते तुमच्या माझ्या ओळखीचंच आहे. ० ते २० बारचा छोटा गेज इन्फ्लेटरच्या नळीला जोडायचा, टाकी हळू उघडायची आणि काटा बघत बसायचं. तो ९-१० च्या दरम्यान, कंपनीने दिलेल्या आकड्यावर येऊन टक्क थांबला पाहिजे. सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं पर्ज बटण दाबलं की थोडा खाली, सोडलं की लगेच जागेवर. मग चहा घेऊन या. मागच्या पावसाळ्यात मी असाच एक लावून ठेवला होता. साडेनऊवर थांबला, मी बिल लिहायला पुढे आले. आमचा पोऱ्या बेंचपाशी होता, तो ओरडला, "अक्का, सोराकत्तैती!" गळतंय म्हणे. काटा साडेअकराच्या पुढे गेला होता आणि सेकंड स्टेजमधून बारीक फुस्स चाललं होतं. सीट धरत नव्हती. टाकीतला दाब थेंबाथेंबाने नळीत उतरत होता, आणि तो फार वाढला की सेकंड स्टेज आपोआप उघडून वाट करून देते, तिची रचनाच तशी. म्हणून डायव्हर म्हणतो, सेकंड स्टेज खराब आहे, आणि दुकानदार तीच बदलून देतो. रोग असतो वर, फर्स्ट स्टेजमध्ये. काटा चढत राहिला तर भावाला सांगा, हा पाण्यात न्यायचा नाही. त्याला एवढं सांगणारा माणूस घरात असला तरी पुष्कळ आहे.

प्रश्न : डेकोसाठी, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्यांसाठी, वेगळ्या छोट्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नेतात ना? आमच्याकडे गॅस वेल्डिंगचे ऑक्सिजन रेग्युलेटर पडून आहेत. अडॅप्टर बनवून ते लावले तर?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. अजिबात नाही.

वेल्डिंगचा रेग्युलेटर तुम्ही फिरवून ठेवाल तेवढा दाब टॉर्चला सतत देत राहतो. त्याला ना तुमचा श्वास कळतो ना पाण्याची खोली. किती खोल आहोत ते कळून त्याप्रमाणे नळीतला दाब वाढवायचं काम तो करत नाही, आणि तोंडात धरायला सेकंड स्टेजही नाही. अडॅप्टर लेथवर सुरेख होईल, ते मला माहीत आहे. तरी नको.

डेकोचा रेग्युलेटर डायव्हिंगचाच, फक्त ऑक्सिजनसाठी साफ केलेला. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असलेल्या गॅसला शुद्ध ऑक्सिजनसारखंच वागवायचं, असा रिवाज आहे. आत साध्या ग्रीसचा, कटिंग ऑइलचा ठिपकाही चालत नाही. सिलिकॉन ग्रीससुद्धा नाही, त्यासाठी क्रिस्टो-ल्यूबसारखं वेगळं ग्रीस येतं, छोट्या ट्यूबची किंमत ऐकून मीही एकदा बसले होते. आणि व्हॉल्व्ह कायम हळू उघडायचा. दाबाखालचा ऑक्सिजन एकदम सोडला की तो कोपऱ्यात तापतो, आणि तिथे तेल असेल तर पेटतो. वेल्डिंगवाल्यांना हे मी काय सांगू.

५० टक्क्यांचा गॅस २१ मीटर किंवा त्याहून उथळ पाण्यातच श्वसायचा, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटर किंवा त्याहून उथळ पाण्यातच. सिलिंडरवर तो आकडा लांबून वाचता येईल एवढा मोठा लिहायचा. हे झालं खोलीचं. पण यामुळेच इथे रेग्युलेटर साधा असला तरी चालतो. उथळ पाणी, शांत बसून घेतलेला श्वास, भाग कमी, साफ करायला सोपा. टिळकवाडीच्या दादांनी मेहुण्यांचा तो पिस्टन परत द्यायच्या आधी जरा थांबावं. आतली सीट नवी टाकून, ऑक्सिजनसाठी रीतसर साफ करून घेतला आणि काटा जागेवर थांबला, तर पाठीवर नको म्हटलेला तोच रेग्युलेटर कडेच्या डेको सिलिंडरला अगदी योग्य बसेल. साफसफाईचं बिल मात्र मेहुण्यांना दाखवू नका, फुकट दिल्याचं समाधान जाईल.